माळावर उंदीर पडला!

वाईच्या चिंतामणराव वकिलांनी एकदा ठरवलं की ठरवलं! मग ते ना पक्षकाराचं ऐकत, ना न्यायाधीशाचं. महायुद्ध संपल्यावर लोणंदला अमेरिकन पलटणीच्या उरल्यासुरल्या सामानाचा लिलाव झाला. तिथून त्यांनी एक खाकी तंबू, एक दुर्बीण आणि अमेरिकेतल्या रानावनांच्या सचित्र मासिकांचा गठ्ठा उचलून आणला. त्या दिवसापासून त्यांचं शरीर तेवढं वाईत राहिलं!

"अगं, अमेरिकेत सुट्टी लागली की चांगली शिकलीसवरली माणसं मोटारीवर तंबू बांधतात आणि सहकुटुंब रानात राहायला जातात!" ते बायकोला, शरयूबाईंना म्हणाले. "वाळवंटातल्या निवडुंगात घुबडं बघतात, दलदलीत सुसरी बघतात, डोंगरात अस्वलं बघतात!"

"आणि अस्वलं काय बघतात?"

"थट्टा नको! आपल्या लोकांना निसर्गाची दृष्टीच नाही. या नाताळच्या सुट्टीत दाखवूनच देतो वाईकरांना!"

झालं! कोर्टाला सुट्टी लागताच बैलगाडीत तंबू, चूल, लोणच्याची बरणी आणि शरयूबाईंचा अबोला असं सगळं सामान भरून मंडळी गावाबाहेरच्या माळावर आली. तंबू म्हणजे लग्नात रुसलेला व्याहीच! एका बाजूनं उठवावा तर दुसऱ्या बाजूनं बसायचा. शेजारच्या जोंधळ्याच्या रानातून म्हातारा कोंडीबा गोफण थांबवून हे बघत होता. न राहवून तो जवळ आला.

"वकीलसाहेब, हितं काय काम काढलं?"

"पाखरं बघायला आलोय!"

"पाखरं? बघाया?" कोंडीबानं कपाळावर हात मारला. "आवं, आमी हाकलून हाकलून खांदं मोडून घेतलं, आन् तुमी गाडी करून बघाया आलाय?"

"अमेरिकेत सगळे बघतात!"

"त्यास्नी जुंधळा नसंल."

चिंतामणरावांनी त्याच्याकडे दयेनं पाहिलं आणि दुर्बीण पुसायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं नशीब उघडलं! एक पांढरी घार शेतातून भला थोरला उंदीर उचलून वर निघाली. चिंतामणरावांनी दुर्बीण डोळ्याला लावली, श्वास रोखला. नेमकी त्याच वेळी गोवऱ्यांची पाटी घेऊन वाईला निघालेली राहीबाई त्यांच्या मागं येऊन उभी राहिली. गावात एवढं दगडी घर असताना हा माणूस कापडात का राहतोय, हे कोडं तिला कालपासून सुटत नव्हतं. तेवढ्यात घारीच्या पंजातून उंदीर निसटला.

"पडला!" चिंतामणराव किंचाळले. "उंदीर पडला!"

राहीबाईनं डोक्यावरची पाटी घट्ट धरली. उंदीर पडला म्हणजे प्लेग! प्लेग आला की माणसं घरदार सोडून रानात राहायला जातात, हे तिनं लहानपणापासून पाहिलेलं.

"खरं म्हंतायसा?" तिनं विचारलं.

घार पुन्हा घिरट्या घालत होती. चिंतामणरावांनी डोळा न हलवता ओठांवर बोट ठेवलं. "शू! गप्प! आणखी पडतील! कुणाला हाक मारू नकोस!"

राहीबाईनं कुणालाही हाक मारली नाही. ज्या ज्या घरी गोवऱ्या टाकल्या, त्या त्या घरी फक्त कानात सांगितलं!

दुपारी पहिली गाडी आली ती शेजारच्या नानासो व्यापाऱ्याची. गाडीत गाद्या, पाळणा, तांब्याचा बंब आणि वर बाजाची पेटी!

"वकीलसाहेब, आतली बातमी आधी तुम्हालाच कळणार, ते ठीक आहे," नानासो रागानं म्हणाले. "पण शेजाऱ्याला एक शब्द? बायकोला घेऊन गुपचूप पळालात?"

"अहो, कसली बातमी? मी पक्षी—"

पुढचं बोलणं गाड्यांच्या खडखडाटात बुडालं. संध्याकाळपर्यंत निम्मी वाई माळावर! गाई हंबरतायत, चुली पेटल्यात, बायका पाण्यावरून भांडतायत. आकाशात औषधाला पाखरू उरलं नाही. कोंडीबानं गोफण उशाला घेतली आणि कित्येक वर्षांत प्रथमच दिवसाढवळ्या झोप काढली.

शेवटी चिंतामणराव गाडीवर चढले आणि ओरडले, "प्लेग नाही! मी अमेरिकन पद्धतीनं पक्षी बघायला आलोय!"

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मग नानासोंनी डोळे पुसले. "लोकांनी घाबरू नये म्हणून केवढं खोटं बोलतोय बिचारा! काय थोर मन!"

दुसऱ्या दिवशी मामलेदार आले. सोबत डॉक्टर आणि लस टोचायची पेटी. "बाजार ओस पडलाय," मामलेदार कडाडले. "गावात एकही उंदीर मेलेला नाही. अफवा उठवणाऱ्याची मी वकिलीची सनद घालवीन! बोला वकीलसाहेब, इथं का आलात?"

"पक्षी बघायला."

"वकीलसाहेब, कोर्टात याहून बरं बोलता तुम्ही! प्लेगच्या धास्तीनं आला असाल तर मी समजू शकतो. नाहीतर ही अफवाच."

"धास्ती असेल तर आधी तुम्हीच टोचून घ्या," डॉक्टर सुई उकळत म्हणाले. "तुम्हाला बघून लोकांना धीर येईल."

चिंतामणरावांनी सुईकडे पाहिलं, सनदेचा विचार केला आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच युक्तिवाद न करता हात पुढे केला!

मग माळावरची सगळी वाई रांगेनं टोचली गेली. दंड चोळत, वकिलांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत गाड्या परत फिरल्या. चिंतामणराव मात्र तापानं फणफणून तंबूच्या दाराशी कांबळं पांघरून बसले. दंडाचा भोपळा झाला होता! कोंडीबा हळूच येऊन शेजारी टेकला.

"वकीलसाहेब, आता समदी गेली. मी कुनाला सांगनार न्हाई. खरं काय त्ये बोला."

चिंतामणराव तोंड उघडणार, तेवढ्यात कोंडीबानंच मायेनं विचारलं, "घरात भांडान झालं व्हय?"

पक्षी, अमेरिका, निसर्गाची दृष्टी, सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायचं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं. त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "व्हय."

"मग ह्ये पैल्याच दिशी सांगायचं न्हाई व्हय!" कोंडीबाचा चेहरा उजळला. "आवं, हितं आमी समद्यांनी समजून घेतलं असतं!"

तेवढ्यात तंबूच्या आतून आवाज आला.

"आणि अजून मिटलेलं नाही, तेही सांगा त्यांना!"