मोजल्याशिवाय न बोलणारे व्यंकटराव

लोह्याच्या आमच्या मोजणी ऑफिसातले शिपाई व्यंकटराव यांना, चहाची टपरी किती लांब आहे, असं विचारू नये. ते आधी चालून येतात, मग सांगतात. "एरवी एकशे बारा पावलं, मॅडम. आज बाकडं पुढं सरकवलंय, म्हणून एकशे दहाच भरली." अंदाजानं बोलणं म्हणजे त्यांच्या लेखी खोटंच बोलणं.

पन्नाशी जवळ आल्यावर त्यांनी भूमापनाच्या ऑनलाइन पदवीला नाव घातलं. साहेबांनी विचारलं, "आता कशाला, व्यंकटराव?"

"बावीस वर्षं टेपचं एक टोक धरून राहिलो, साहेब. दुसऱ्या टोकाला तुम्ही काय लिहून राहिलात, ते तरी कळू द्या."

नोकरी सोडून चालणार नव्हतं, त्यामुळे तास कुठंही भरायचा. एकदा मोजणीला गेले असताना त्यांनी मोबाइल जेवणाच्या डब्याला टेकवला आणि बांधावरच वर्गाला बसले. मागं दोन चुलत भाऊ हद्दीवरून तावातावानं भांडत होते. सरांनी विचारलं, "मागे कसला आवाज आहे?"

"प्रात्यक्षिक हाय, सर," व्यंकटराव म्हणाले.

मग ते दोघंही शेजारी येऊन बसले आणि तासभर त्रिकोणमिती ऐकत राहिले. भांडण त्या दिवशी अर्धवटच राहिलं.

शेवटच्या वर्षी एक शेत स्वतः मोजून नकाशा काढायचा होता, आणि त्यावर शेजारच्या शेतकऱ्याची सही हवी होती. व्यंकटरावांनी अहमदपूरकडचं स्वतःचं शेत निवडलं. माझं माहेर त्याच वाटेवर, म्हणून आकडे लिहून घ्यायला मी सोबत गेले. तिथं गेल्यावर कळलं, की शेजारचं शेत त्यांच्या थोरल्या भावाचं, माधवरावांचं. दादानं बांध सरकवला, या रागातून नऊ वर्षं दोघांचं बोलणं बंद होतं.

सरकारी नकाशा पुढं ठेवून त्यांनी तीनदा मोजलं. तिसऱ्यांदाही तोच आकडा आल्यावर ते टेप गुंडाळू लागले.

"मॅडम, साडेतीन फूट. दादा न्हाई, आम्हीच त्याच्या रानात आत गेलोत."

"मग नकाशात काय दाखवणार?"

"हाय ते."

नकाशा तयार झाल्यावर आम्ही पुन्हा गेलो. माधवराव आखाड्यावर, शेतातल्या घरासमोर, म्हशीला वैरण टाकत होते. "दादा, चूक माझी हाय. बांध मागं घेतो. सही पाहिजे," व्यंकटराव एका दमात म्हणाले.

माधवरावांनी हात पुसून कागद घेतला. बराच वेळ बघितला.

"हे तू काढलंस?"

"हाव."

त्यांनी आत हाक मारली, "अगं, बाहेर ये. आपल्या व्यंकटीनं काय नकाशा काढलाय बघ." साडेतीन फुटांबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. वहिनींनी जेवल्याशिवाय हलू दिलं नाही.

पुढं पदवी मिळाली, ऑफिसात पेढे वाटले गेले. पण त्या दिवशी सही घेऊन परत येताना एसटीत व्यंकटराव खिडकीबाहेर बघत बसले होते. लोहा जवळ आल्यावर हळूच म्हणाले,

"मॅडम, आई गेल्यापासून मला व्यंकटी म्हणणारं कुणी राहिलं नव्हतं."