त्याच्यापेक्षा उंच

आमचे शेजारी मुकुंदकाका भेटलेल्या प्रत्येक माणसाची तुलना करतात, तीही स्पॅनिशमध्ये. कुणाशी, ते मात्र दिसत नाही.

जव्हारच्या कचेरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी मोबाईलवर ही भाषा शिकायला घेतली. "समोर माणूस हवा हो, त्याशिवाय वाक्य अंगात भिनत नाही!" म्हणून सापडेल त्याला ओसरीवर बसवतात. बाजूच्या खुर्चीत बोहाड्याच्या, म्हणजे सोंगांच्या नाचातला लाकडी मुखवटा, त्याच्याखाली पांढरा शर्ट. काका एकदा आपल्याकडे बघतात, एकदा खुर्चीकडे. "मास गोर्दो के एल! त्याच्यापेक्षा जाडा." मग खुर्चीकडे कान देऊन जरा थांबतात.

"कुणापेक्षा, काका?"

"त्याच्यापेक्षा. अजून कुणापेक्षा?"

पावसाळ्यात भर दुपारी धुकं ओसरीत शिरतं, शर्टाच्या बाह्या हलतात, तेव्हा हसू तोंडातच राहतं. दाभोशाचा जीपवाला तांदूळ द्यायला आला, तर काका त्याला शर्ट घालून बघ म्हणाले. "नको काका, भ्या वाटतं," म्हणत तो गोणी टाकून पळाला. मीही त्या वाटेनं जाणं टाळू लागलो. तो मुखवटा माझं माप घेतोय असं वाटायचं.

एका रविवारी मात्र काकांनी मला धरलंच. तेवढ्यात मोबाईल वाजला. पडद्यावर सात-आठ वर्षांची मुलगी.

"माझी नात. बाप कसा होता विचारत असते. तिला मराठी येत नाही."

काकांचा मुलगा समीर स्पेनला गेला, तिथंच लग्न केलं. मुलगी रांगत असतानाच वारला. मोखाड्याच्या बोहाड्यात तो हाच मुखवटा चढवून नाचायचा. शर्टही त्याचाच.

काकांनी मोबाईल माझ्याकडे फिरवला आणि ते घोटलेली स्पॅनिश वाक्यं म्हणू लागले, मधूनमधून मला मराठीत अर्थ सांगत. या काकांपेक्षा तुझा बाप उंच. यांच्यापेक्षा बारीक. यांच्याइतकाच बडबड्या. मुलगी खिदळत होती. आम्हा गावकऱ्यांवरून ती बाप जुळवत होती, हे मला तेव्हा कळलं, आणि माझीच मला लाज वाटली.

मग तिनं काहीतरी विचारलं.

"काय म्हणते?"

"जास्त हट्टी कोण, ती का तिचा बाप?"

त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. शिकलेलं सगळं कुठं गेलं कोण जाणे. शेवटी मराठीतच म्हणाले, "दोघांना शेजारी बसलेलं मी कधी पाहिलंच नाही गं, बाळा."

तिला एक अक्षर कळलं नाही. तरी ती होकारार्थी मान हलवत हळूच "सी, आबा," म्हणाली.