अमरेशनं धरलेला नेम

गुणाबाईंनी देवघरात सांजवात लावली आणि वळून पाहतात तर त्यांचे चिरंजीव अमरेश देवासमोर मांडी घालून बसलेले. पाठ ताठ, मान खाली, दोन्ही हात मांडीवर एकत्र घेतलेले आणि ओठ आपले पुटपुटताहेत. गुढीपाडव्याला देवासमोर आणायचं तरी ज्याच्यामागे सकाळपासून लागावं लागे, तो हा मुलगा! गुणाबाईंना मोतीबिंदूमुळे अंधुक दिसायचं. त्यांनी पदराने डोळे पुसून पुन्हा पाहिलं.

"आमऱ्या, काय करायलास रे?"

"थांब माय, बोलू नको आत्ता. नेम धरलाय."

गुणाबाईंचा हात आपोआप कपाळाला गेला. तशाच मागे सरकत त्या स्वयंपाकघरात आल्या आणि सुनेला म्हणाल्या, "सुकन्या, हळू बोल बाई. अमरेशनं नेम धरलाय."

आता यात खोटं कुणीच बोललं नव्हतं. मराठी भाषेनेच घात केला होता. अमरेशने नेम धरला होता तो बाणाचा. त्याच्या हातात एक बटणांचा गेम होता, त्या गेमात एक धनुर्धारी होता आणि समोर एक हिरवी गोगलगाय. सुकन्याचा भाऊ मल्लेश हैदराबादला असतो. त्याने तो गेम वापरून वापरून कंटाळा आल्यावर आपल्या दाजींना भेट दिला होता. बॅटरी बसलेली, वायरीवाचून जेमतेम पाच मिनिटं चालायची, आणि वायर हातभर. त्यामुळे चार्जिंगला लावूनच खेळावं लागे, आणि लातूरच्या त्या दोन खोल्यांच्या घरात जमिनीलगतचा प्लग एकच होता. तो देवघराशेजारी.

"दाजी, शेवटच्या राक्षसापर्यंत आजवर आमच्यात कुणी गेलं न्हाई," मल्लेश म्हणाला होता. "तुम्ही बी सोडणार."

"मी हातात घेतलेलं काम सोडत न्हाई," अमरेश म्हणाला.

यावर सुकन्या नुसती हसली. ते हसणं अमरेशच्या जिव्हारी लागलं. कारण माळ्यावर हार्मोनियम होती, तिच्यावर तीन सूर शिकून झाले होते. दाराआड व्यायामाचे डंबेल्स होते, त्यांना छत्र्या टेकवून ठेवत. गच्चीवर कारल्याचा मांडव होता, त्यावर कारल्याऐवजी कपडे वाळत. अमरेश हायस्कूलवर भूगोल शिकवायचा आणि तिथला अभ्यासक्रम मात्र पूर्ण करायचा, एवढीच काय ती जमेची बाजू. तेव्हा हा गेम शेवटास न्यायचाच, असं त्याने ठरवून टाकलं.

माय काय समजली हे त्याला जेवताना कळलं. सांगून टाकावं म्हणून त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात गुणाबाई म्हणाल्या, "उद्यापासून सांजच्याला नळाचं पाणी मी अन् सुकन्या भरतो. नेमाच्या माणसाला उठवू ने."

अमरेशने उघडलेल्या तोंडात घास घातला. नळाला पाणी आलं की खालून वर बादल्या आणायचं काम त्याचंच होतं.

"सांगा की आत्याबाईंना," सुकन्या नंतर म्हणाली.

"सांगतो. दोन दिवस जाऊ दे."

"मग तुम्हीच निस्तरा. मी मधी पडणार न्हाई."

पहिले काही दिवस बरे गेले. मग नेमाचे नियम सुरू झाले. आधी ताटातला कांदा गेला, मग लसूण. भाकरीबरोबर ठेचा नाही तर ज्याला जेवल्यासारखं वाटत नाही, त्या माणसापुढे भगर येऊ लागली. त्यातच सिंधुकाकू म्हणून शेजारच्या बाई होत्या, त्यांच्या मुलाची सोयरीक जमली. ती जमायचीच होती, मुलगा चांगला कमावता होता. पण गुणाबाई म्हणाल्या, "आमच्या अमरेशच्या नेमाचा गुण." झालं! सिंधुकाकू संध्याकाळी येऊन अमरेशच्या मागे हात जोडून बसू लागल्या. त्यांच्यामागून वरच्या मजल्यावरच्या दोघी आल्या. एकीने तर हळूच विचारलं, "सर, आमच्या रेणापूरच्या बोअरला पाणी लागंल का?"

"हं," अमरेश म्हणाला. गोगलगाय तेव्हा त्याच्या अंगावर थुंकत होती.

त्या गेमाबद्दल थोडं सांगायला हवं. त्यात एक दलदल होती. दलदलीपलीकडे किल्ला, किल्ल्यात राक्षस. धनुर्धारी चार पावलं चालला की वाजतगाजत एक गोगलगाय यायची. मग लढाई. लढाई म्हणजे काय, तर रेशनच्या रांगेसारखा प्रकार. आधी आपली बारी, आपण बाण मारायचा. मग तिची बारी, ती थुंकणार. आपण ते थुंकणं मुकाट्याने अंगावर घ्यायचं आणि पुन्हा आपल्या बारीची वाट पाहायची. गोगलगाय मेली की तुतारी वाजायची, ताकद मोहरीएवढी वाढायची, आणि चार पावलांवर दुसरी गोगलगाय उभी. गोगलगाय आणि पोटात पाय म्हणतात, इथे पोटात आणखी गोगलगायी होत्या. राक्षसाशी भिडायचं तर असल्या गोगलगायी पोत्याने मारायला हव्या होत्या. अमरेशला त्या वर्गातही दिसू लागल्या. एकदा तर फळ्यावर गोदावरीचं खोरं काढता काढता त्याने चुकून दलदल काढली. पुढे थंडीच्या दिवसांत तर कधीकधी त्याला वाटे, धनुर्धारी काल सोडला होता त्याच्या जरा पुढेच उभा आहे. आपलं डोकं बधिर झालं असावं, असं म्हणून तो ते सोडून देई.

दिवाळीनंतर गुणाबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि अमरेशची खरी परीक्षा सुरू झाली. आता मायला लख्ख दिसणार! त्याने दोन्ही हातांवर पंचा पांघरायला सुरुवात केली. मागच्या बायका गहिवरल्या.

"गोमुखीत हात घालून जप करायलेत बघा," सिंधुकाकू कुजबुजल्या. "किती बारकाईनं करतेत!"

पंच्याखाली पडदा दिसत नव्हता. पण गंमत अशी की काही अडलं नाही. बाण, थांब, बाण, थांब, तुतारी. आवाज बंद असला तरी बोटांना सगळं पाठ होतं. चार पावलं, बाण, थांब. एक अख्खी संध्याकाळ तो असा आंधळेपणी खेळला आणि उठल्यावर पाहतो तर काय, नेहमीएवढ्याच गोगलगायी मेल्या होत्या.

हे त्याने सुकन्याला सांगितलं. ती कणीक मळत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "मग जो खेळ न बघता खेळता येतो, तो खेळायचाच कशाला हो?"

एवढा साधा प्रश्न अमरेशला इतक्या महिन्यांत पडला नव्हता. त्या क्षणी त्याला तो गेम, तो राक्षस, तो मल्लेश, सगळं सोडून गच्चीत जाऊन नुसतं उभं राहावंसं वाटलं. हसणारे हसू देत. त्याला आपली संध्याकाळ परत हवी होती, आणि संध्याकाळीबरोबर ठेचाही.

तो तसाच गुणाबाईंकडे गेला. "माय, मी नेम सोडायलोय."

गुणाबाईंचा चेहरा एकदम उतरला. "असा कसा सोडतोस? धरलेला नेम मधीच मोडला की घराला तकलीफ होती, बाबा. सिंधूच्या पोराचा साखरपुडा तोंडावर आलाय. त्याचं काही बिनसलं म्हंजी?"

"मग काय जन्मभर बसू?"

"रीतीनं सोड. उद्यापन कर. विरूपाक्ष स्वामींना बोलव."

विरूपाक्ष स्वामी म्हणजे त्यांच्या घरची पूजाअर्चा, लग्नकार्यं करणारे स्वामी. त्यांच्या येण्यावर घड्याळ लावावं असा माणूस. मुहूर्त साडेदहाचा असला की सव्वादहाला त्यांची मोटरसायकल दारात उभी राहायची आणि यजमानच अंघोळीला धावायचे. उद्यापनाच्या सोमवारीही ते वेळेआधी आले. पाट मांडला, कलश मांडला, सिंधुकाकू आणि वरच्या मजल्याच्या बायका भिंतीला टेकून बसल्या. सुकन्या पुरणपोळीच्या तयारीत होती, पण कान इकडेच होते.

"हां, कोणत्या देवाचा नेम?" स्वामींनी संकल्पासाठी विचारलं.

स्वयंपाकघरात सुकन्याला खोकल्याची उबळ आली.

"स्वामी, जरा बाहेर येता का?" अमरेश म्हणाला.

जिन्यात नेऊन त्याने सगळं कबूल केलं. बाण, गोगलगाय, मल्लेश, कांदा, बोअर, काहीच लपवलं नाही. शेवटी खिशातून गेम काढून, आवाज थोडा चालू करून त्यांच्यापुढे धरला. "माय घाबरलीय, स्वामी. तिचं मन मोडायचं न्हाई मला. पण हे आता आणखी एक दिवस झेपत न्हाई."

स्वामींनी गेम उलटासुलटा करून पाहिला. "कुठलं बटण दाबायचं?"

"हे."

स्वामींनी दाबलं. बाण सुटला. "मेली की!"

"आता तुतारी वाजंल."

वाजली. स्वामींनी आणखी एक मारली. मग आणखी एक. आतून गुणाबाईंची हाक आली तेव्हा ते भानावर आले आणि गंभीर होऊन म्हणाले, "हे बघा, नेम तो नेम. कशाचा का असंना, तुम्ही मन लावून रोज बसलात. आता रीतीनं सोडू. संकल्पात मी इष्टदेवता म्हणतो, तुम्ही गप ऱ्हावा. फक्त ज्या वस्तूनं नेम केला ती वस्तू घरात ठेवू ने. दान करावी."

"कुणाला?"

स्वामींनी नुसती झोळी पुढे केली.

उद्यापन झालं. पुरणपोळ्या झाल्या. बायका प्रसाद घेऊन गेल्या, स्वामींची मोटरसायकल बोळाच्या तोंडाशी दिसेनाशी झाली, आणि अमरेशने दोन्ही हात डोक्यावर नेऊन असा काही श्वास सोडला की उदबत्तीची राख उडाली. कुठे जायचं नाही, कुणाला मारायचं नाही, कुणाच्या बारीसाठी थांबायचं नाही! असं हलकं त्याला परीक्षेचे पेपर तपासून संपल्यावरही वाटलं नव्हतं. तो स्वतः उठला आणि कांदा फोडायला बसला.

तेवढ्यात गुणाबाई भिंतीला टेकून मोठ्याने म्हणाल्या, "सुटले गं बाई! सुकन्या, आधी चहा टाक. दोन कप टाक."

"आत्याबाई, तुम्ही तर चहा सोडला होता ना?"

"सोडला होता म्हंजी काय, ह्यानं नेम धरला त्या दिवशी बोलून बसले सिंधूपुढं. म्हटलं, लेकाचा नेम पुरा होईस्तोवर मी बी चहा घेणार न्हाई. मला काय माहीत ह्याच्या गोगलगाई सरत न्हाईत म्हणून!"

अमरेशच्या हातातला कांदा घरंगळला. "गोगलगाई? माय, तुला माहीत होतं?"

"ऑपरेशन झाल्यावर मला काय दिसत न्हाई का? तू शाळेत गेलास की पंचा धुवायला घ्यायचे, खाली ते ठेवलेलं असायचं. बघितलं एकदा बटण दाबून."

"मग बोलली का न्हाईस?"

"अन् काय सांगू? सिंधू मागं हात जोडून बसायची रोज. तिला सांगू, लेक माझा गोगलगाई मारतो म्हणून? तू तरी कुठं बोललास?" सुकन्याने गाळून दिलेला चहा गुणाबाईंनी बशीत ओतला. "म्हटलं, लवकर संपला तर दोघं बी सुटू. म्हणून दुपारच्याला थोड्या मी बी मारायचे."

"तरीच!" अमरेश ओरडला. "तरीच तो पुढं असायचा!"

सुकन्या हसून हसून ओट्याला टेकली. गुणाबाईंनी डोळे मिटून पहिला भुरका मारला, आणि त्या एका घोटाला त्यांच्या तोंडावर जे समाधान आलं ते काही उद्यापनाच्या पूजेत आलं नव्हतं. रात्री मल्लेशचा फोन आला. "दाजी, संपवला का गेम?"

"संपवला न्हाई," अमरेश ऐटीत म्हणाला. "उद्यापन केलं."

पुढच्या आठवड्यात सिंधुकाकूंच्या मुलाचा साखरपुडा होता. अमरेश, सुकन्या आणि गुणाबाई वेळेवर जाऊन बसले. मुलीकडची मंडळी आली, ताटं मांडून झाली, मुहूर्त जवळ आला आणि स्वामींचा पत्ता नाही. अशी गोष्ट कधी घडली नव्हती. सिंधुकाकू फोन कानाला लावून दारात गेल्या आणि परत आल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी तरळत होतं.

"काय झालं काकू?" सुकन्याने विचारलं.

"अगं, किती मोठं मन स्वामींचं! अमरेशनं सोडला तो नेम त्यांनी पुढं चालवायला घेतला की काय कुणास ठाऊक. फोनवर म्हणाले, दहा मिनिटं थांबा, नेम धरलाय."

अमरेशने मान खाली घातली. गुणाबाईंनी मात्र शांतपणे पदर सावरला आणि भिंतीला नीट टेकून बसल्या.

"सिंधू, पाव्हण्यांना चहा दे तोवर," त्या म्हणाल्या. "मला बी दे. दहा मिनिटांत काही येत न्हाईत ते. दलदल लई लांब हाय."