दातारकाकांचा अर्ज

आमचे शेजारी डॉक्टर दातारकाका हल्ली पिठलं पिळून खातात. केकवर आयसिंग काढायची पिशवी असते ना, तिच्यात पिठलं भरायचं, टोक तोंडात धरायचं आणि दाबायचं. भाकरी बंद. तिचा चुरा अंतराळात तरंगत जाऊन मशीनमध्ये अडकतो म्हणे.

कारण काका अंतराळात निघालेत. म्हणजे त्यांच्या मते निघालेत. एक खासगी कंपनी प्रवाशांना पृथ्वीभोवती फिरणाऱ्या स्टेशनवर नेते आणि यंदा तिने एक सीट सोडतीत ठेवलीय, एवढंच खरं. काकांचं वय चौऱ्याहत्तर, गुडघे कुरकुरणारे. बाजारात तुरी, असं मी सुचवून पाहिलं.

"अगं, सायंटिफिकली बघ," काका म्हणाले. "तयारी नसताना नंबर लागला तर?"

सायंटिफिकली हा त्यांचा लाडका शब्द. इथे इंग्लंडात, कॉव्हेंट्रीच्या हॉस्पिटलात भूल देण्यात हयात गेली, त्यामुळे समोरचा गप्प पडला की काकांना काम फत्ते झाल्यासारखं वाटतं. मीही गप्प पडले. शनिवारी ते मला पार्कात घेऊन गेले, लहान मुलांच्या गोल चक्रावर मांडी घालून बसले आणि म्हणाले, ढकल. मी नागपूरची, आयटीतली, मुकाट्याने ढकलत राहिले. एका आईने काळजीने विचारलं, ते ठीक आहेत ना? डॉक्टर आहेत ते, मी सांगितलं. तिने मुलाला उचललं आणि लांबच्या झोपाळ्याकडे नेलं.

रविवारी दुपारी अर्ज भरायला बसलो. टायपिंग माझं, उत्तरं काकांची. विशेष कौशल्य? भांडखोर सहप्रवाशांना झोपवू शकतो. आजार? ते काकांनी इतक्या अभिमानाने सांगितले की रकान्यात जागा पुरेना. हसून हसून माझं पोट दुखायला लागलं.

शेवटचा प्रश्न होता, का जायचंय? आता काहीतरी सायंटिफिकली येणार म्हणून मी बोटं सरसावली. काका खिडकीबाहेर बघत बसले. बाहेर नेहमीचं राखाडी आभाळ होतं.

"आमची ही संकष्टी करायची," ते म्हणाले. "चंद्र दिसल्याशिवाय घास घ्यायची नाही. आणि इथे तो दिसतो कधी? मी म्हणायचो, पंचांगातली वेळ झाली, जेव आता. ती उठून पुन्हा बागेत जाऊन बघायची. कितीदा तरी उपाशी झोपली. या ढगांच्या देशात मीच आणलं होतं तिला. वर ढग नाहीत गं."

काकूंना जाऊन दोन वर्षं झाली. मला स्क्रीन दिसेना. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, "काका, ते स्टेशन दीड तासात पृथ्वीची फेरी मारतं. तिथे दिवसातून पंधरा-सोळा वेळा चंद्र उगवेल. उपास कुठल्या चंद्राला सोडणार?"

"सोडायची घाई नाही," काका म्हणाले. "सगळे बघणार. तिचे बरेच राहिलेत."