मूळचा डाग

जे मिळतं त्याचा माणूस कंटाळा करतो आणि जे हुकतं त्याचं मंडळ काढतो. जुन्या मनगटी घड्याळांचं असं एक मंडळ आमच्या शहरात, बेळ्ळंदूरला आहे. माझ्या नातीला, सिद्धीला, सांगून आलेला रघुनंदन त्याचा चिटणीस. नाहीतर तिसरी शिकलेल्या बाईच्या कानावर एवढी विद्वत्ता कुठून पडायची?

मंडळाचं कार्य थोर आहे. दर रविवारी सभासद गार खोलीत बसतात आणि एकेक जण उभा राहून सांगतो, मागे जाता आलं असतं तर कुठल्या साली कुठलं घड्याळ घेतलं असतं. (त्या साली निम्मे जन्मले नव्हते आणि उरलेले रांगत होते. हळहळायला वयाची अट नाही.) मिळालेल्या घड्याळांना कुणी किल्ली देत नाही. चाललं की झिजतं म्हणे. सभा संपायची वेळ मोबाईलवर बघतात.

असो. आमच्या सिद्धीच्या गालावर जन्मापासून कॉफीच्या रंगाचा डाग आहे. त्यापायी बरीच स्थळं चहा पिऊन गेली. (चहाला नाव कुणी ठेवलं नाही.) पण या रघुनंदनशी फोनवर बोलताना पोरगी हसायची. तिला हसताना ऐकून मी मुकाट्यानं दार लोटून घ्यायची.

आमच्यात साखरपुड्याला जावयाला घड्याळ देतात. जालहळ्ळीच्या घड्याळांच्या कारखान्यात बनलेलं ह्यांचं जुनं घड्याळ कपाटात पडून होतं, तेच रघुनंदनला हवं होतं. मी त्याच्या आईला, मनस्विनीबाईंना, दोन फोटो पाठवले. एक पोरीचा, एक घड्याळाचा. लगेच फोन आला.

"आजी, डाग बघितला हो! रघू नुसता वेडा झालाय. म्हणतो, असा मूळचा डाग आता कुठे बघायला मिळतो! कुणाला हात लावू देऊ नका हं."

मी देवापुढे साखर ठेवली. त्यांच्यासारख्या पुण्याहून आलेल्या लोकांबद्दल आयुष्यभर बोलले ते सगळं मनातल्या मनात मागे घेतलं.

मग वाटलं, एवढ्या दिलदार माणसांना कळकट घड्याळ द्यायचं? त्याच्याही तबकडीवर तपकिरी ओघळ होता. चिकपेटला गुंडूअण्णा घड्याळजीकडे नेलं.

"स्वल्प पुसू का, अक्का?"

"स्वल्प काय? जावयाला द्यायचंय. नवी तबकडी घाल, सगळं सरी कर, अगदी नव्यासारखं."

साखरपुड्यात रघुनंदननं डबी उघडली आणि घरात कुणी गेल्यासारखा मटकन बसला.

"आजी, डाग कुठाय?"

मी सिद्धीकडे बोट दाखवलं. "हा काय. कुणालाही हात लावू दिला नाही."

तेव्हा मला ज्ञान मिळालं. घड्याळाच्या डागाचं शास्त्र असतं. पिवळट डाग बरा, तपकिरी उत्तम, आणि मूळचा, न पुसलेला असला तर त्याला तोड नाही. तो पुसणारा माणूस अडाणी. मनस्विनीबाईंनी मुलाला पाणी पाजलं आणि मला धीर दिला.

"घड्याळाचं झालं ते झालं. मुलीची काळजी करू नका, आम्ही आधीच ठरवलंय. हेब्बाळला त्वचेचे डॉक्टर आहेत. लग्नाच्या फोटोंच्या आत साफ करून देतात."

"पण बाई, मूळचा आहे," मी म्हटलं. "पुसला तर अडाणी म्हणतील तुम्हाला."

"आजी, ते घड्याळ आहे!"

"हो ना. ही तर नुसती मुलगी."

सिद्धी रघुनंदनकडे बघत होती. तो डबीकडे बघत होता. ती उठली, त्याच्या हातातून घड्याळ घेतलं, किल्ली दिली आणि स्वतःच्या मनगटावर बांधलं.

"चालतंय, आजी," ती म्हणाली. हसली मात्र नाही.

पाहुणे जेवून गेले. (शास्त्र मोडलं तरी श्रीखंड सोडू नये.)

आता तुम्ही म्हणाल, काय हो हे लोक! बरोबर आहे, तुम्ही तसले नाही. तुमच्याकडे लग्नाचा मुलगा असेल तर जरूर कळवा. फक्त मघापासून जे तुमच्या ओठांवर आलंय, की डाग आहे तरी केवढा, ते तेवढं विचारू नका.