घन, द्रव आणि कवळी

मास्तरांनी सकाळी तोंड धुऊन ओट्यावरच्या स्टीलच्या ग्लासात बोटं घातली, तर आत नुसतं पाणी. काल रात्री त्यांनीच सूनबाईला फर्मावलं होतं, "ओट्यावरचा ग्लास फ्रीजरमध्ये ठेव, उद्या वर्गात बर्फ दाखवायचाय." ओट्यावर ग्लास दोन होते, आणि त्यातल्या एकात मास्तरांची कवळी मुक्कामाला होती. सूनबाईने नेमका तोच उचलला होता.

निवृत्तीनंतर शाळेने त्यांना पहिल्यांदाच एका तासापुरतं बोलावलं होतं. विषय हातखंडा, पदार्थाच्या अवस्था. पण जन्मभर हा धडा शिकवताना त्यांनी पोरांना पेंगतानाच पाहिलं होतं. निदान आज तरी वर्ग शेवटपर्यंत जागा राहावा, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यासाठी अख्खं भाषण तोंडपाठ केलं होतं. आता पाठ होतं, तोंडाचीच पंचाईत होती.

"अगंबाई!" सूनबाईने फ्रीजरमधल्या ग्लासात डोकावून कपाळाला हात लावला. "बाबा, दात आतून हसतायत हो! थांबा, उकळतं पाणी ओतते."

मास्तर घाबरले. उकळत्या पाण्याने कवळी वाकडी झाली असती. "हको! वाकई होईय!"

"काय? वाकून ओतू?"

मास्तरांनी ग्लास हिसकावूनच घेतला. बाहेर शाळेची गाडी हॉर्न वाजवत होती. वाटभर ते ग्लास काखेत दाबून बसले. काख बधिर झाली, पण बर्फाला काही दया येईना.

मुख्याध्यापिकाबाईंनी वर्गात त्यांची तोंडभरून ओळख करून दिली. "आता सर तुमच्याशी बोलतील," म्हणून त्या निघून गेल्या. मास्तरांनी ओठ घट्ट मिटून ग्लास बशीत उपडा केला. बर्फ सुटून बाहेर आला.

"ईऽऽ, आत दात आहेत!" पुढच्या बाकावरची मुलगी ओरडली, आणि सगळा वर्ग टेबलाभोवती गोळा झाला.

मास्तरांनी फळ्यावर 'घन' लिहिलं आणि ते खुर्चीत बसून राहिले. दुसरं करणार काय?

"उन्हात ठेवू या?"

"फुंकर मार ना!"

"हात गार पडला रे माझा!"

"पडणारच. तुझी ऊब तो खातोय, म्हणून तर वितळतोय."

मास्तर चाट पडले. हे सांगायला त्यांच्या भाषणात दोन पानं लागली होती. बशीत पाणी साचलं, तशी एक मुलगी न सांगता उठली आणि तिने फळ्यावर 'द्रव' लिहिलं.

अखेर दात मोकळे झाले. मास्तरांनी ते रुमालाने पुसले, भिंतीकडे तोंड करून बसवले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "वायू राहिला!"

तेवढ्यात घंटा झाली, पण कोणी जागचं हललं नाही.

"सर, उद्या पण या ना," मागून आवाज आला. "पण कवळीचा वायू झाला, तर ती परत तोंडात कशी घालणार?"

उत्तर द्यायला मास्तरांनी तोंड उघडलं, समोरचे ते टक्क उघडे डोळे पाहिले, आणि शहाण्यासारखं मिटून घेतलं.