बोलावलं म्हणून गेलेला माणूस

गोंदिया वेगळा होऊन आमचा जिल्हा निम्मा झाला, त्यानंतरच्या उन्हाळ्यात एका सोमवारी सानगडीच्या मनसाराम काकाजींना त्यांचा पुतण्या देवराम भंडाऱ्याला मानसोपचाराच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. शेजारी म्हणून मी सोबत होतो. तक्रार एकच होती. जेवायला बोलावलं की काकाजी येतात.

आमच्याकडे जेवणाच्या वेळी दारावरून कोणी जात असेल तर "या जेवाले" म्हणायचं असतं. जाणाऱ्याने "होऊ द्या जी तुमचं" म्हणून पुढे निघायचं असतं. काकाजी थांबत, चपला काढत, हातपाय धूत आणि पाटावर बसत. "कसे आहात?" असं विचारणाऱ्याला ते गुडघ्यापासून सुरुवात करून सविस्तर सांगत.

एकदा मास्तरांच्या घरी तीनच पोळ्या उरल्या होत्या.

"काकाजी, मी तं असंच म्हटलं," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"मंग खरंखुरं कसं म्हणता, तेही एकदा सांगून ठेवा," काकाजी म्हणाले आणि पोळी वाढून घेतली.

गाव हसत होतं, तोवर ठीक होतं. मग देवरामच्या मुलीला पाहायला पवनीचे पाहुणे आले. पसंती झाली. निघताना मुलाचे वडील काकाजींना म्हणाले, "या ना एकदा आमच्याकडे. चार दिवस राहा." दुसऱ्या दिवशी दुपारी काकाजी पिशवी घेऊन पवनीत हजर झाले. चार दिवस राहिले. पाचव्या दिवशी सकाळी कोणी न सांगता निघाले.

त्याच आठवड्यात पवनीहून निरोप आला. म्हाताऱ्याच्या डोक्यात काही बिघाड असेल, तर आम्हाला सोयरिकीचा विचार करावा लागेल.

"डाक्टर म्हणन तं नागपूरच्या दवाखान्यात ठेवून देतो," देवराम मला म्हणाला. "पोरीचं लगन मोडून राहिलं ना जी!" काकाजी ओट्यावरच बसले होते. ते उठले आणि दोन धोतरं पिशवीत भरून आले.

डॉक्टरांनी अर्धा तास घेतला. झोप लागते का, कानात आवाज येतात का, कोणाचा संशय येतो का. काकाजींनी प्रत्येक उत्तर नीट दिलं. देवरामला राहवेना.

"साहेब, गावात असं कोणीच नाही करत."

"गावात कोणी करत नाही, म्हणून तो आजार होत नाही," डॉक्टर म्हणाले. मग काकाजींकडे वळले. "बाबा, लोक रीत म्हणून बोलावतात. हे तुम्हाला माहीत नाही?"

"मालूम आहे जी."

"मग का जाता?"

काकाजींनी पिशवी मांडीवर घेतली. "बायको गेली तवापासून मीबी दारात बसून बलावतो. रोज. दोघांचा भात रांधतो. अकरा वर्सं झाले, सारे म्हणतात, होऊ द्या तुमचं. बलावणाऱ्याले कसं वाटते, मले मालूम आहे. म्हणून मी कोणाले नाही म्हणत नाही."

देवराम फरशीकडे पाहत होता. डॉक्टरांनी कागदावर दोन ओळी लिहिल्या. आजार नाही. औषध नाही. तो कागद घेऊन देवराम दुसऱ्या दिवशी स्वतः पवनीला गेला. सोयरीक कायम राहिली.

पवनीहून परतल्यावर त्याच संध्याकाळी तो आपल्या घरी न जाता काकाजींच्या घरात शिरला. दार उघडं होतं. माझ्या अंगणातून आतलं दिसत होतं. देवराम पाटावर बसला. काकाजींनी भात वाढला, वर वांग्याची भाजी वाढली.

थोड्या वेळाने देवराम म्हणाला, "बस्स, काकाजी."

काकाजींनी लगेच भाताच्या गंजावर झाकण ठेवलं.

देवराम ताटाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "अजून पाहिजे."

काकाजींनी झाकण काढून पुन्हा वाढलं.